‘युज केस’ आणि आपलं ‘उपयोगी पडणं’

प्रश्न नागपूरच्या मिहान या उद्योग-वसाहतीत काम करणाऱ्या एका वाचकाचा आहे: ‘आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सेटिंग बदलून इतवारीतल्या किराण्याच्या ठोक दुकानापासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळीकडे चालतं. त्याच्या युज केस मराठीत लिहायच्या आहेत. “वापर प्रकरण” म्हणावं का? आणि लिंग कोणतं धरावं?’

‘युज केस’ म्हणजे सॉफ्टवेअर वापरून कोण कोणतं काम कसं पार पाडतो, याचं टिपण. त्याला ‘वापर प्रकरण’ कृपा करून म्हणू नका. मराठी कानाला प्रकरण म्हणजे पुस्तकाचा भाग, कचेरीतली फाइल, नाहीतर निस्तरायची भानगड. त्याहून वाईट म्हणजे परवा एका माहितीपत्रकात ‘केसेस वापरा’ असं छापलेलं वाचलं. ‘युज केसेस’चा चक्क आज्ञार्थ! यंत्राने दिलेलं भाषांतर छापण्याआधी कोणी एकदा मोठ्याने वाचायलाही तयार नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

‘प्रकरण’वाले पंडित मीमांसेचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राचा, दाखला देतात. तिथे श्रुती, लिंग, वाक्य यांच्या मागून प्रकरण येतं आणि त्याचा अर्थ संदर्भ असा होतो, हे खरं. पण हा शब्द दुकानदाराशी बोलताना वापरायचा आहे. त्याला कळण्यासाठी आधी मीमांसासूत्रं रचणारा जैमिनी समजावून सांगावा लागत असेल, तर तो शब्द काय कामाचा?

आता मूळ पाहा. ही कल्पना स्वीडनचे संगणकतज्ज्ञ ईवार याकोबसन यांची. एरिक्सन या कंपनीत टेलिफोन यंत्रणांवर काम करताना त्यांनी ती मांडली आणि १९८७ मध्ये परिषदेतल्या निबंधातून जगापुढे आणली. त्यांचा स्वीडिश शब्द ‘आनवेंडनिंग्सफाल’. ‘आनवेंडनिंग’ म्हणजे उपयोग. ‘फाल’ म्हणजे प्रसंग, आणि ‘फाल’ म्हणजे पडणंसुद्धा! इंग्रजी ‘केस’ही लॅटिन ‘कासुस’वरून आली, तेही पडणंच. व्याकरणातल्या विभक्तीलाही इंग्रजीत ‘केस’च म्हणतात. तिला ग्रीक लोक ‘प्टोसिस’ (पडणं) म्हणत, त्याचाच अनुवाद रोमन वैयाकरणांनी ‘कासुस’ असा केला. आणि ‘प्टोसिस’चा धातू आपल्या ‘पत्’चा सख्खा भाऊ. पतति, प्राकृतात पडइ, मराठीत पडतो.

म्हणजे उपयोग अधिक पडणं. मराठीत हे आधीपासून आहेच: उपयोगी पडणे! स्वीडिश माणसाने जोडशब्दात बसवलं ते आपल्या आजीच्या तोंडी होतं.

‘पडणे’ इथे नुसतं सहायक क्रियापद आहे, बाकी योगायोग, असं एका भाषातज्ज्ञांनी मला ऐकवलं. मला ते साफ अमान्य आहे. काम पडतं, गरज पडते, प्रसंग पडतो, गाठ पडते. चारही ठिकाणी न बोलावता काहीतरी माणसाच्या पुढ्यात येतं. नागपुरात शेजारी म्हणतो, ‘काम पडलं तं आवाज देजो.’ काम करणं आपल्या हातात असतं, काम पडणं नसतं. हा भेद ज्या क्रियापदात आहे त्याला नुसतं सहायक म्हणणं म्हणजे भाषा न ऐकता कोश चाळणं.

तुमच्या कामाची मेख याच भेदात आहे. हवं तसं जुळवता येणारं सॉफ्टवेअर हाती आलं की लोक प्रत्येक सेटिंगची वेगळी युज केस लिहायला बसतात. चालू-बंदच्या १० सेटिंगांच्या १,०२४ जुळण्या होतात, २० च्या १०,४८,५७६. इतकं कोण लिहिणार? काम पडतं ते माणसाला, सेटिंगला नाही. दुकानदाराला पडलेलं काम एकच: बिल करून पैसे घेणे. ते एकदाच लिहा. औषधाच्या दुकानात बॅच क्रमांक आणि मुदत तपासली जाते, इतवारीत उधारीची मर्यादा. हे फाटे त्याच्याच पोटात दाखवा. कोणतं सेटिंग चालू असताना कुठला फाटा लागू, ते तिथेच नोंदवा. कळमन्याच्या धान्यबाजारातल्या अडत्याने हमालीसारखे खर्च कापून शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, द्यायची, हे मात्र निराळं काम. ते वेगळं लिहा. आणि सेटिंग लावून देणारा माणूस हाही एक वापरणाराच. त्याचं काम वेगळं, तेव्हा त्याचं लेखनही वेगळं.

शब्द म्हणाल तर ‘वापरप्रसंग’. प्रसंग पडतोच, त्यामुळे ‘पडणं’ सोबत येतं. बोलताना ‘युज केस’ म्हणालात तरी माझी हरकत नाही; मग ती कोर्टातल्या केससारखी स्त्रीलिंगी. वापरप्रसंग पुल्लिंगी, आणि अनेकवचनातही तसाच: एक वापरप्रसंग, दहा वापरप्रसंग.