साथीची नोंद

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

विभागाच्या वार्षिक अहवालासाठी तू दिलेली माहिती वाचली. युवा महोत्सवातलं एकल वादनाचं बक्षीस, विशारदची प्रथम श्रेणी, चर्चासत्रातला निबंध, सगळं व्यवस्थित लिहिलंयस. मनापासून आनंद झाला. ठरलेल्या मिनिटांत राग उभा करायचा, तोही मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) नसलेल्या पेटीवर, याला तयारीच लागते. पण वर्षभर तू गायनाच्या मुलींना साथ केलीस, देवल क्लब या कोल्हापूरच्या संगीतसंस्थेत दोनतीन बैठकांना बसलीस, त्यातलं एक अक्षर त्यात नाही. परवा विचारलं तर म्हणालीस, "साथ काय सर, सगळेच करतात." सगळे करत नाहीत, बाळ. पेटीवर बोटं चालवणारे पुष्कळ असतात. गाणारा ज्यांना पुढच्या वेळी आपणहून बोलावतो, असे फार थोडे.

तू शिकतेस त्या कोल्हापूरचाच दाखला घे. गोविंदराव टेंबे जवळच्या सांगवड्याचे, जन्म 1881 चा. पेटी त्यांनी बरीचशी कानाने कमावली. गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसून गाणं ऐकलं, जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची गायकी डोक्यात भिनवली. 1911 मध्ये 'मानापमान' या संगीत नाटकाच्या चाली केल्या, तेव्हा त्यामागे हे सगळं ऐकणं होतं. एकल वादक म्हणूनही त्यांचं नाव मोठं होतं. पण तो हात गाणाऱ्यांशेजारी बसून तयार झालेला होता, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट आकाशवाणीची. 1940 मध्ये पेटीला तिथे बंदी झाली आणि 1971 पर्यंत ती टिकली. आक्षेप दोन: मींड निघत नाही आणि स्वर ठरावीक उंचीवर बांधलेले, गळ्याप्रमाणे हलत नाहीत. त्या तीस वर्षांत पेटी कुणी जगवली? मैफिलींनी, नाटक कंपन्यांनी, पेठापेठांतल्या भजनी मंडळांनी. म्हणजे साथीनेच.

आक्षेप खोटा नव्हता, हेही लक्षात ठेव. सेंट हे स्वरांतलं अंतर मोजायचं माप; सप्तकाचे 1200 सेंट धरले, तर तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार षड्जापासून 386 वर असतो आणि पेटीचा 400 वर. म्हणजे आपला गांधार चौदा सेंट चढा. भूप रागात गाणारी मुलगी गांधारावर स्थिरावते तेव्हा तुझी पट्टी तिच्या गळ्याला टोचत असते. अशा वेळी भाता हलका कर, स्वर अगदी मागे ठेव, प्रसंगी पट्टी सोडून दे आणि तानपुऱ्याला बोलू दे. हे कुठल्याच स्पर्धेत तपासलं जात नाही. गाणारीला मात्र लगेच कळतं.

मींडेचंही तसंच. ती पंचमावरून गांधारावर घसरत आली, तर मधला मध्यम वाजवून जिना करू नकोस. ती जिथे पोचणार तिथे आधी बोट ठेव आणि ती पोचली की दाब.

आणि कोल्हापुरात राहून जयपूर घराण्याच्या साथीला घाबरू नकोस. शाहू महाराजांच्या आश्रयाने खाँसाहेब इथे राहिले, त्या गायकीची मुळं या मातीत आहेत. अवघड आहे, मान्य. संपूर्ण मालकंस हा त्यांचा रागच घे. नेहमीच्या मालकंसात रिषभ-पंचम नसतात, तो घोटून घोटून आपल्या बोटांना रिषभ-पंचम ओलांडून जायची खोड लागलेली असते. इथे दोन्ही स्वर येतात आणि ते कुठल्या वळणाने येतात हे चीज, म्हणजे बंदिश, पाठ असल्याशिवाय समजत नाही. म्हणून साथीला बसण्याआधी बंदिश म्हणून घे, नुसती वाजवून नको. तोंडाने म्हटलेली चीज बोटांना आपोआप वाट दाखवते. तान गुंफत गेली आणि मागोवा सुटला, तर धावाधाव न करता षड्ज धरून थांब. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, हजर राहिलीस की झालं.

तुमच्या शिक्षकांबद्दलही एक सांगायचंय. अहवालात त्यांचे शोधनिबंध येतील, कार्यक्रम येतील, ते यायलाच हवेत. पण गायनाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला सकाळपासून पेटीवर कोण बसतं ते बघ. एक मुलगा पेटीची काळी एक पट्टी षड्ज धरून गाऊन उठतो, लगेच मुलगी काळी पाचात सुरू करते, घाबरून अंतरा विसरते, आणि पेटीवरून अंतऱ्याचा पहिला स्वर अलगद तिच्या कानावर येतो. ती सावरते, पास होते. त्या शिक्षकांच्या नावापुढे याची नोंद कुठेच होत नाही. माझ्या लेखी हे त्यांच्या कुठल्याही निबंधाच्या तोडीचं काम आहे. तू विद्यार्थी प्रतिनिधी आहेस. अहवालात साथसंगतीचा वेगळा रकाना असावा, असं विभागप्रमुखांना लेखी सुचव. सुरुवात स्वतःपासून कर: कुणाला, कुठे, कोणत्या रागाला साथ केलीस, एवढंच लिही. विशेषणं नकोत.

जाता जाता, तुझ्या पेटीतला मध्य सप्तकाचा कोमल निषाद उतरलाय. पट्टी चोरून वाजवत बसू नकोस, सूर (आतली पितळेची जीभ) घासून घे. टोकाशी घासला की स्वर चढतो, बुडाशी घासला की उतरतो. पण कानस स्वतः हातात धरू नकोस. पितळेची जीभ एकदा पातळ झाली की पुन्हा जाड होत नाही. पेटी जाणकार कारागिराकडेच ने आणि तो काम करत असताना शेजारी बसून ऐक. जमलं तर नर-मादी, म्हणजे खर्जाचे आणि वरचे, दोन्ही सूर एकमेकांशी मिळालेत का, हेही त्याच वेळी तपासून घे.

तुझा,
सर