लेखक किंवा कवीच्या आयुष्यावरची, चमत्कारांनी न भरलेली एखादी ऐतिहासिक कादंबरी सुचवाल का?

दि. बा. मोकाशींची 'आनंदओवरी' वाचा. १९७४ची आहे, बारीकशी कादंबरी, विषय तुकाराम. तुकोबांना मी आधी कवी मानतो, म्हणून हेच नाव सुचवतोय.

यात गोष्ट सांगतो कान्होबा, तुकोबांचा धाकटा भाऊ. तुकोबा नाहीसे झालेत आणि हा त्यांना शोधतोय, शोधता शोधता मागचं सगळं आठवतोय. मोकाशींनी भाऊ निवडला ना, तिथेच अर्धं काम झालंय. १६३०च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' असं त्यांनीच लिहून ठेवलंय, आपण ती ओळ अभंग म्हणून इतक्यांदा ऐकतो की ती टोचायची थांबते, पण कान्होबाची ती वहिनी होती हो, एकाच घरातली.

आणि ती खतांची, म्हणजे कर्जाच्या कागदांची गोष्ट. तुकोबा सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवायला निघाले तेव्हा कान्होबाने आपला अर्धा वाटा मागून घेतला, उरलेला अर्धा तुकोबांनी नदीत सोडला, असं परंपरेने सांगतात. लहानपणी कीर्तनात हे ऐकताना मला कान्होबा फार हिशोबी वाटायचा. माझे एक काका नाटकापायी घर विसरले, मोठे कलावंत म्हणून गावात त्यांना मान होता आणि दुकान मात्र पंचवीस वर्षं माझ्या वडिलांनी एकट्याने ओढलं, वडिलांबद्दल कोणी कधी चार शब्द बोललं नाही. ही कादंबरी वाचली तेव्हा मला तुकोबांच्या आधी वडील आठवले. कान्होबाचं प्रेम, राग, कोडं, सगळं एकदम समोर येतं आणि तरी तुकोबा कुठे लहान होत नाहीत, हे मला फार अवघड काम वाटतं.

तुकोबांना विरोध करणारे मंबाजी, रामेश्वरभट, नदीत बुडवलेल्या अभंगांच्या वह्या असल्या प्रसंगांसाठी वाचणार असाल तर थोडा धीर धरा, हिचा जीव घरातल्या माणसांत आहे. भाषा एकदम साधी.

वाचून झालं की गाथा काढा आणि त्यातले कान्होबाचे अभंग बघा, भाऊ गेल्यावर केलेला आकांत आहे तिथे, देवाशी सरळ भांडण आहे. सही बघा त्या अभंगांखालची. कुठे 'कान्हा म्हणे' आहे, पण बऱ्याच ठिकाणी स्वतःचं नाव नाही घातलेलं, 'तुकयाबंधु म्हणे' असं आहे.