हृदय डावीकडेच का, म्हणणारी लेक आणि नीटचा क्लास

ताई, पत्र वाचलं. लेक बारावीला, नीटचा क्लास चालू, आणि तुमच्या भावाच्या एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसल्यापासून तिचं एकच टुमणं, बाकी सगळ्यांचं डावीकडेच का जातं ते मला शिकायचंय. तुमचा प्रश्न असा की यात पोट भरतं का, का आधी एमबीबीएस करून मग बघावं.

आधी तिच्या प्रश्नाचं बोलतो, कारण तो फालतू नाहीये. डाव्या-उजव्या पेशींत जीन्स तेच असतात, कुठला जीन कुठल्या बाजूला चालू होतो यात सगळी गंमत आहे. 1995 ला कोंबडीच्या भ्रूणात दिसलं की सॉनिक हेजहॉग आणि नोडल हे जीन्स डावीकडे चालू होतात, तेही हृदय वळायच्या बरंच आधी. उंदराच्या भ्रूणात तर एक छोटा खळगा असतो, त्यात केसासारख्या सिलिया गरगर फिरतात, पाणी डावीकडे ढकललं जातं आणि मग त्या बाजूला नोडल, त्याच्यामागून पिट्एक्स2 हा दुसरा जीन चालू. पाणी असं डावीकडे वाहतं हे 1998 ला जपानात हिरोकावा या शास्त्रज्ञांच्या लॅबने दाखवलं. आता सिलिया बंद पडल्या तर सगळं उलटं होईल असं वाटतं ना? होत नाही. त्या उंदरांत साधारण निम्मे उलटे निघतात, निम्मे सरळ, चक्क छापा-काटा.

(भावाला लहानपणापासून सर्दी, खोकला, सायनस असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा, श्वासनलिकेतल्या सिलियाही याच कुळातल्या. नसेल तरी हृदय उजवीकडे आहे एवढं डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा.)

एमबीबीएसला एम्ब्रियॉलॉजी, म्हणजे भ्रूण कसा घडतो त्याचं शास्त्र, पहिल्याच वर्षी असते हो, पण ती पाठ करून परीक्षेत लिहायची. तिला पेशंट बरे करायचे असतील तर जाऊ दे, पण 'हे होतं कसं' याच्यामागे लागायचं असेल तर तो रस्ता लांबचा. सरळ रस्ता आयसर, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था, तिथला पाच वर्षांचा बीएस-एमएस, आणि त्याला नीट नाही तर आयएटी ही त्यांचीच प्रवेश परीक्षा द्यावी लागते, 60 प्रश्न, त्यात 15 गणिताचे. नाहीतर बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा, मग एमएस्सी. पुढे पीएचडीला जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 आणि वर घरभाडं, म्हणजे उपाशी नाही राहणार, पण पर्मनंट नोकरीला पस्तिशी उजाडू शकते हे आत्ताच मान्य करा, नंतर भांडू नका. पुण्यात कोंबडीच्या भ्रूणाचं काम जुनं आहे, विद्यापीठात लीला मुल्हेरकर बाईंनी ते रुजवलं, त्यामुळे लांब जायलाच हवं असंही नाही.

एक सांगू? मी एका मैत्रिणीच्या लॅबमध्ये बसलो होतो. दीड दिवस 38 डिग्रीला ठेवलेलं अंडं तिने फोडलं, बलकावरची चकती कात्रीने कापून उचलली, मायक्रोस्कोपखाली हृदयाची नळी नुकतीच उजवीकडे वळलेली (हृदय शेवटी डावीकडे असलं तरी सुरुवातीला नळी उजवीकडेच वळते). तशीच अजून लहान बारा भ्रूणं तिने नोडल बघायला रंगवायला घेतली होती, तीन दिवस राबली, नऊ वाया गेली. उरलेल्या तिघांत डाव्या बाजूला जांभळा डाग उठला, म्हणजे नोडल तिथे चालू, आणि ही बाई जेवायचं विसरली. लेकीला हे वाचून दाखवा आणि विचारा, वाया गेलेल्या नऊ भ्रूणांचं ऐकून तोंड वाकडं होतं का.

नीट द्यायची तर देऊ दे, आयएटीही भरा. आणि तिने गणित ठेवलंय का सोडलंय ते पत्रात नाही लिहिलंत, तेवढं लवकर कळवा, मग अभ्यासाचं बोलू.