वय ४४, खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. आता वकिली सुरू करणं शक्य आहे का?

शक्य आहे. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला कमाल वयाची अट नाही. पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के हवेत, तेवढं जुनी मार्कशीट काढून बघा.

खरी गोम हजेरीत आहे. बार कौन्सिलच्या नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते, शिवाय किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप. ‘सकाळचं कॉलेज, नोकरी सांभाळून होईल’ म्हणणारे इथेच अडकतात. प्रवेशाआधी वेळापत्रक हातात घ्या.

दुसरा फटका पैशांचा. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे पगार बंद, आणि पक्षकार अजून आलेले नाहीत! ज्युनियरला मिळणाऱ्या पैशांत घर चालत नाही. निदान दीड-दोन वर्षांचा घरखर्च आणि गृहकर्जाचे हप्ते वेगळे काढलेले हवेत.

आधी रजा टाकून चार दिवस जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसा. पुकारा, मुदतीचा अर्ज, पुढची तारीख: दिवसाचा बराच भाग यातच जातो. हे सोसवत असेल तर पुढे जा. आणि खून-मारामारीच्या फौजदारी खटल्यांच्या मोहात पडू नका. ताळेबंद वाचता येणाऱ्याला चेक बाउन्सच्या (कलम १३८) केसेस, जीएसटी आणि आयकर अपिलं जास्त लवकर हाती लागतात.