पेशी मारणारं औषध? ऐकूनच धडकी भरली!

प्रश्न: आईला आमवात आहे (आरए फॅक्टर, म्हणजे रक्तातली आमवाताशी जोडलेली एक अँटीबॉडी, पॉझिटिव्ह). मेथोट्रेक्सेट सुरू करून ५ आठवडे झाले, फरक थोडासाच. शेजारच्या काकूंना त्याच गोळीने मस्त बरं वाटलं. आता डॉक्टर म्हणतात, नाहीच जमलं तर पुढे रिटुक्सिमॅब, ते म्हणे पेशी मारतं?

उत्तर: ताई, आधी थोडा धीर धरा, या गोळीला ६ ते १२ आठवडे लागतातच. आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची हं, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

आता पेशींचं. आपल्या पेशी काम झालं की गुपचूप मरतात, पण आमवातात सांध्याच्या अस्तरातल्या पेशी मरायलाच तयार नसतात, नुसत्या वाढत राहतात, आणि उलट न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मरताना स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात, त्यात बदललेली प्रोटीन्स असतात, त्यांच्याविरुद्धच अँटी-सीसीपी नावाच्या अँटीबॉडी बनतात. म्हणजे नको तिथे जगणं आणि नको तसं मरणं!

रिटुक्सिमॅब सरसकट पेशी मारत नाही, सीडी२० हा शिक्का असलेल्या बी पेशीच (याही एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर तो शिक्का नसतो, त्या वाचतात. आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असेल तर हे औषध जास्त चांगलं लागू पडतं, म्हणजे तुमच्या आईच्या बाबतीत जमेची बाजू. काकूंशी तुलना मात्र सोडा. रिटुक्सिमॅब सलाईनमधून देतात, त्याआधी हिपॅटायटिस बीची टेस्ट झाली का, तेवढं नक्की विचारा.