म्हाताऱ्या कुत्र्यासाठी महागडा बेड: हप्त्यावर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की लॅब्रॅडॉर 10 वर्षांचा झालाय, सकाळी उठताना मागचे पाय कडक होतात, फरशीवरच झोपतो. घरच्यांनी एक मेमरी फोमचा ऑर्थोपेडिक बेड पसंत केलाय, त्यावर 10 वर्षांची वॉरंटी आहे, पण किंमत महिनाभरात जेवढी शिल्लक पडते त्याच्या दीडपट. मग 12 हप्त्यांत बिनव्याजी घ्यावा, त्याच्या औषधपाण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून घ्यावा, की साधी गादी आणून भागवावं?

आधी एक सांगतो, हा खर्च फालतू नाहीये. कुत्रा दिवसाचे 12-14 तास सहज झोपतो, म्हातारपणी त्याहून जास्त, म्हणजे घरातल्या कुठल्याही फर्निचरपेक्षा याचा वापर जास्त होणार. आणि वजनदार कुत्रा कडक फरशीवर रोज पडून राहिला की कोपरांना घट्टे पडतात, कधी पाणी भरून सूज येते. त्यामुळे बेड घ्याच. कुठला आणि कुठल्या पैशातून, एवढंच ठरवायचंय.

एरवी मी सगळ्यांना सांगतो की आधी साठवा मग घ्या, पण इथे ते सांगणार नाही. लॅब्रॅडॉरचं आयुष्य साधारण 11-12 वर्षांचं धरतात, तुमचा त्याहून जास्त जगो अशी मनापासून इच्छा आहे, पण पैशाचं गणित करताना 2-3 वर्षं धरूनच करायला हवं आणि त्यातले दीड-दोन महिनेही बेडसाठी पैसे साठवण्यात घालवणं मला पटत नाही. हाच हिशोब वॉरंटीलाही लावा. 10 वर्षांच्या वॉरंटीचे पैसे किंमतीत धरलेले असतात, त्यातली 7-8 वर्षं तुमच्या उपयोगाची नाहीत.

आता आकडे बघू. महागड्या बेडची किंमत 100 धरा. साधी गादी 25 ला मिळाली आणि 8 महिन्यांत बसली तर 4 वर्षांत 6 गाद्या म्हणजे 150, तेव्हा महागडा बेड स्वस्त पडतो, दुकानदार दाखवतात ते गणित हेच आणि ते खोटं नाही. पण 2 वर्षांचं बघितलं तर 3 गाद्या म्हणजे 75. आणि मधला पर्याय, चांगल्या घट्ट फोमचा साधा बेड, 50 ला मिळून 3 वर्षं टिकला तर सगळ्यात कमी खर्च तोच. तुमच्यासाठी मला तोच योग्य वाटतो, आणि तो एका महिन्याच्या शिल्लकीतच बसतो.

बिनव्याजी हप्त्याबद्दल जरा नीट सांगतो कारण इथे बरेच जण फसतात. रोख घेतल्यावर 8 टक्के सूट मिळत असेल आणि हप्त्यावर ती मिळत नसेल, तर ती सोडलेली सूट हेच व्याज, आणि दर महिन्याला कर्ज कमी होत जात असल्यामुळे ते वर्षाला 8 नाही तर जवळपास साडेपंधरा टक्क्यांच्या घरात जातं, वर प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळीच. म्हणून रोख भाव विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

औषधपाण्याच्या पैशाला हात लावू नका. या वयात रक्ततपासणी, एक्स-रे, रोजच्या गोळ्या हे कधीही सुरू होऊ शकतं आणि आधीपासून असलेला आजार विम्यात सहसा धरत नाहीत. उलट त्यातला पहिला खर्च आत्ताच करा, डॉक्टरांकडे नेऊन पाय दाखवा. सांधेदुखी असेल तर नुसत्या बेडने ती जाणार नाही. वजनही विचारा. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 48 लॅब्रॅडॉर जोड्या लावून जन्मभर पाहिले होते, ज्यांना जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं त्यांच्यातले निम्मे 13 वर्षांपेक्षा जास्त जगले, बाकीच्यांतले निम्मे 11.2 वर्षांपेक्षा जास्त, आणि कमी खाणाऱ्यांना सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. आता दहाव्या वर्षी तेवढा फरक पडेल असं मी म्हणत नाही, पण जादा वजन उतरलं तर सांध्यांवरचा भार आजही कमी होतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. मात्र किती कमी करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घेताना ऑर्थोपेडिक या शब्दाला वेगळे पैसे देऊ नका, तो कुणीही छापतो. फोमची डेन्सिटी, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, ते विचारा, 40 च्या आसपास असली तर बरं, जाडी 10 सेंटीमीटर तरी हवी. गुडघा टेकवून दाबून बघा, खालची जमीन लागली की सोडून द्या, 30 किलोचा कुत्रा त्यावर पडणार आहे. एक बाजू खाली असलेला घ्या नाहीतर कडक पायांनी चढायला त्रास, तळ न सरकणारा हवा. माप तो आडवा पसरून झोपलेला असताना घ्या. आणि आत वॉटरप्रूफ अस्तर हवंच, म्हातारपणी कधीतरी झोपेत लघवी होते, ती एकदा फोममध्ये मुरली की बेड गेलाच म्हणून समजा. वाचलेल्या पैशातून कव्हर दोन घ्या, गरम पाण्यात धुता येणारी, म्हणजे पिसवांची अंडीही त्यातच निघून जातात.

एक शंका राहते, काही कुत्री गरम होतं म्हणून मुद्दाम फरशी निवडतात. तेव्हा आधी आठवडाभर त्याच्या नेहमीच्या जागी जुनी जाड रजई घडी करून टाका, त्यावर तो टिकला तर बेड आणा. टिकला नाही तर खालून हवा खेळणारा, कापडी पट्ट्याचा बुटका खाटेसारखा बेड बघा, फक्त तो पाय फारसे न उचलता चढता येईल एवढाच उंच असावा. बिल सांभाळून ठेवा, परत करायची मुदत आधी विचारून घ्या, आणि तो दोन-तीन दिवस सलग झोपेपर्यंत कव्हर धुवू नका, धुतलेलं बरेच दुकानदार परत घेत नाहीत.