बायबलनुसार गर्व हीसुद्धा मूर्तिपूजाच आहे का?
तसे थेट वाक्य बायबलमध्ये नाही, परंतु दोन्ही पापांचे मूळ एकच मानले आहे: देवाचे स्थान दुसऱ्या कोणाला, आणि गर्वाच्या बाबतीत स्वतःलाच, देणे. सर्वांत जवळचा आधार १ शमुवेल १५:२३ हा असून, अमालेकी या शत्रू लोकांची उत्तम मेंढरे व गुरे देवाची आज्ञा मोडून राखून ठेवणाऱ्या इस्राएलच्या शौल राजाला संदेष्टा शमुवेल तिथे हट्टीपणा मूर्तिपूजेसारखाच असल्याचे सुनावतो. त्याच अध्यायात शौलाने कर्मेल येथे स्वतःचे स्मारक उभारल्याचाही उल्लेख आहे, जो वाचताना सहज नजरेतून सुटतो. दानीएलाच्या पुस्तकात ६० हात उंच सोन्याचा पुतळा उभारणारा बाबेलचा राजा नबुखद्नेस्सरच पुढच्या अध्यायात बाबेल नगर आपणच बांधल्याची बढाई मारतो. मात्र कलस्सैकरांस पत्र ३:५ मध्ये मूर्तिपूजा म्हटले आहे ते लोभाला, गर्वाला नव्हे.